नऊ बदाम

डब्याचं झाकण मी नुकतंच काढलं होतं. टेबलावरचा फोन एकदा थरथरला आणि त्यावर ओळ उमटली, 'ओला मोजा खेळायला बसला आहे. तुम्हीही या.' ओला मोजा म्हणजे माझा नवरा. त्याला जाऊन दोन वर्षं होत आली होती. मी झाकण परत डब्यावर लावलं. का लावलं ते सांगता येणार नाही. काहीतरी बंद करायला हवं होतं आणि हाताशी तेच होतं. समोर बसलेली सहकारी काकडी खात खात तिच्या घरमालकाबद्दल बोलत होती आणि तिच्या दाताखाली काकडी मोडल्याचा आवाज मला फार मोठा ऐकू आला. मग डोकं चालू झालं. गेलेली माणसं पत्ते खेळत नाहीत. तो ज्या खात्यातून खेळायचा ते त्याच्या जुन्या टॅबवर उघडंच राहिलेलं होतं, आणि तो टॅब मीच मागच्या हिवाळ्यात सासूबाईंना दिला होता, मालिका बघायला. हे सगळं जुळायला एक घास चावायला लागतो तेवढाही वेळ लागला नसेल. पण तेवढ्या वेळात मी त्याला मनातल्या मनात विचारूनही घेतलं होतं, अरे, होतास कुठे.

मी वजनं तपासते. कुणी विचारलं काय करता, तर मी हेच सांगते, आणि समोरचा हमखास स्वतःच्या पोटाकडे बघून हसतो. दुकानांतली, औषधांच्या कारखान्यांतली, सोनारांकडची वजनं आमच्याकडे येतात आणि आमच्या वजनांशी ताडून पाहिली जातात. खोली तळघरात आहे. दार सावकाश लावायचं. वजनाला बोट लावायचं नाही, कारण बोटाच्या तेलकटपणालाही वजन असतं; चिमट्यानं उचलायचं, चिमट्यानंच ठेवायचं. आणि ठेवलं की तिथून उठायचं. हे नव्या माणसाला पटत नाही. त्याला वाटतं जवळ बसलं की नीट दिसेल. पण माणसाच्या अंगाची ऊब भोवतालची हवा हलवते, आणि हवा तराजूला हलवते, आणि मग तराजू जे दाखवतो त्यात थोडं वजन आपलं असतं. म्हणून काचेपलीकडे जाऊन बसायचं आणि आकडा स्थिरावेपर्यंत काही करायचं नाही. माझा स्वभाव आधीपासून असा होता की कामामुळे असा झाला, यावर नवऱ्यानं आणि मी पुष्कळ वेळा वाद घातला होता. म्हणजे त्यानं घातला होता आणि मी ऐकला होता. त्यानं मला खेळाचं खातं काढून दिलं तेव्हा माझं नावही त्यानंच ठेवलं, चिमटा. स्वतःचं ओला मोजा ठेवलं होतं, कारण त्याच्या आईचं कपडे धुण्याचं दुकान होतं आणि लहानपणी दुकानाच्या मागच्या खोलीत तो दोरीवरून पडलेल्या मोज्यांवर झोपायचा. त्याच्या नावाशेजारच्या गोल खिडकीत चित्रही मोज्याचंच होतं, राखाडी, चिमटा लावून टांगलेला.

त्या दिवशी हात धुऊन मी खेळात शिरले आणि त्या टेबलावरची रिकामी जागा घेतली. खेळ सोपा आहे, निदान सांगायला. प्रत्येकाला दोन पानं मिळतात, ती ज्याची त्यालाच दिसतात. मध्ये पाच पानं सगळ्यांना मिळून उघडी पडतात, आधी तीन एकदम, मग एक, मग शेवटचं एक. शेवटपर्यंत टिकलेल्यांची पानं उघडतात, आणि आपली दोन आणि मधली पाच यांतून ज्याची पाच पानं भारी, त्यानं जिंकायचं. दर टप्प्याला चकत्या लावायच्या. समोरच्यानं लावल्या तर आपणही तेवढ्या लावायच्या किंवा पानं टाकून द्यायची. चकत्या खोट्याच असतात. संपल्या की सकाळी कंपनी पुन्हा ओंजळभर देते. नवरा म्हणायचा, पानं सगळ्यांना सारखीच येतात, खेळ पानांचा नाहीच, खेळ समोरचा माणूस किती वेळ थांबतो याचा आहे. आणि एका प्रकारच्या डावावर त्याचा विशेष जीव होता. आपल्या हातात दोन बदाम आहेत, मध्ये दोन बदाम पडले आहेत. अजून एक बदाम आला तर पाच एका रंगाचे होतील आणि मग बहुतेकांना हरवता येईल. नाही आला तर हातात काही नाही. जगातले सगळे खेळणारे याला इंग्रजी नावानं ओळखतात, तो याला 'होऊ घातलेला' म्हणायचा. "होऊ घातलेला आहे, थांब जरा," असं मला म्हणून तो चहा थंड करायचा. त्याच्या जेवणालाही, इस्त्रीलाही, सुट्टीच्या बेतालाही आमच्या घरात हाच शब्द होता.

ओला मोजा त्याच्यासारखा खेळत नव्हता, हे मला पाच-सहा डावांतच कळलं. दुखलंही आणि बरंही वाटलं. नवरा होऊ घातलेले डाव हिशेबानं खेळायचा. ते फार महाग पडायला लागले की हसत टाकून द्यायचा. सासूबाई टाकत नव्हत्या. दोन बदाम हातात आणि दोन समोर असले की त्या शेवटच्या पानापर्यंत बसून राहायच्या, कुणी कितीही लावो. हळूहळू मला त्यांचा वेळही वाचता यायला लागला. नावाभोवती एक हिरवी कड असते, ती आक्रसत जाते, आणि ती संपायच्या आत काय ते ठरवायचं असतं. आईंच्या हातात खरोखर काही असलं की ती कड जवळजवळ संपत आलेली असायची, केशरी व्हायची, तेव्हा कुठे त्या लावायच्या. हातात काही नसलं की एका क्षणात भरपूर लावून मोकळ्या. मला पहिल्यांदा हे उलट वाटलं. नंतर त्यांचं दुकान आठवलं. लग्नानंतर मी पुष्कळदा तिथे काउंटरच्या आतल्या स्टुलावर बसलेली आहे. गिऱ्हाईक कोट ठेवायचं आणि न विचारताच सांगायचं, "चहाचा डाग आहे." आई चष्म्यावरून एकदा कोटाकडे बघायच्या, एकदा माणसाकडे, आणि "बरं, चहाचा," असं म्हणत पावती फाडायच्या. तो गेला की मला म्हणायच्या, "चहा कॉलरच्या आतून सांडत नाही. आणि खरा चहाचा असता ना, तर आधी शंभर वेळा इकडेतिकडे बघितलं असतं, मग म्हणाला असता की कसला आहे कोण जाणे." खोटं पटकन येतं आणि खरं रेंगाळत येतं, ही त्यांची तीस वर्षांची कमाई. म्हणजे दुसऱ्यांचं वाचता वाचता स्वतःची सवय मात्र त्यांना दिसली नव्हती. मला त्याचं हसू आलं आणि तळघरातल्या त्या जेवणाच्या खोलीत मी एकटीच हसले.

घरी मी काही बोलले नाही. त्याही बोलल्या नाहीत. आमचं दोघींचं घर तिसऱ्या मजल्यावर, दोन खोल्या आणि मध्ये एक भिंत, इतकी पातळ की त्यांनी चष्मा टेबलावर ठेवला तर मला कळतं. संध्याकाळी मी कामावरून आले की त्या म्हणायच्या, "आलीस? बटाटे उकडलेत, पुढचं तू बघ." जेवण झालं की "मी जरा मालिका बघते गं," असं म्हणून आपल्या खोलीत जायच्या, आणि थोड्या वेळानं माझा फोन थरथरायचा. मग मी माझ्या खोलीत, त्या त्यांच्या खोलीत, मध्ये भिंत, आणि दोघी एका टेबलावर. बाकीचे खेळाडू कुठले कुठले, 'डोंगरी गाढव', 'निवृत्त सुभेदार', कुणी बोलायचं, कुणी नुसतंच पानं टाकायचं. आई जिंकल्या की भिंतीपलीकडून पेल्यावर चमचा आपटल्याचा एक बारीक आवाज यायचा. तो आवाज मला इतका आवडायला लागला की मी तो यावा अशी व्यवस्था करू लागले. टेबलावर आम्ही दोघीच उरलो आणि त्यांनी लावलं की मी पानं टाकायची. बऱ्याचदा मला माहीत असायचं की त्यांच्या हातात काही नाही. त्यांनी एका क्षणात लावलेलं असायचं. कधी माझ्याकडे जोडी असायची, कधी दोन जोड्याही. मी टाकायची. टण्. मग दिवा घालवून मी पडून राहायचे आणि मला वाटायचं की मी कुणालाही न कळता कुणाचं तरी पांघरूण नीट केलं आहे.

नवरा गेल्यावर आम्ही दोघी एकत्र राहिलो, याचं कारण कुणी ठरवलं असं नाही. तो एका सकाळी दाढी करताना खाली बसला, डोक्यातली एक रक्तवाहिनी फुटली होती, आणि नंतरचे आठवडे माणसं येत-जात राहिली. माणसं यायची थांबली तेव्हा घरात आम्ही दोघी होतो. आई दोन महिन्यांसाठी म्हणून आल्या होत्या. दुकान त्यांनी त्याआधीच दुसऱ्याला दिलं होतं. कुणी विचारलं असतं की या तुमच्या कोण, तर मी पटकन सासू म्हणाले असते, पण मग मनात विचार आला असता की ज्या माणसामुळे त्या माझ्या सासू झाल्या तो तर नाही. अशा गोष्टींचा मी विचार करते आणि कुणाला सांगत नाही. त्यांनाही तसा विचार येत असणार. कधी कधी भाजी चिरताना त्या एकदम म्हणायच्या, "तुझी अडचण होत असेल गं." आणि मी म्हणायचे, "कसली अडचण." एवढंच. हे बोलणं आमच्यात इतक्या वेळा झालं होतं की त्यातला कुठलाच शब्द आता काही मोजत नव्हता.

वसंतात थोरले दीर आले. चांगला माणूस. रस्ते बांधतो, आवाज मोठा, घरात शिरला की खुर्च्या लहान वाटायला लागतात. त्यांनी चहा घेतला, दोनदा घेतला, आणि मग म्हणाले, "मी काय म्हणतो, आई, आता तू चल माझ्याकडे. खोली रिकामी आहे, मुलं शिकायला बाहेर गेली. हिनं किती दिवस करायचं? हिचंही काही आयुष्य आहे की नाही?" हे शेवटचं त्यांनी माझ्याकडे बघून, अगदी मनापासून म्हटलं. मी आईंकडे बघितलं.

"जाईन की," आई म्हणाल्या. "मी काय, बॅग उचलायचा अवकाश."

"बघ, म्हणजे प्रश्नच मिटला," दीर म्हणाले. "तुझं काय म्हणणं?"

मी म्हणाले, "आईंची जशी इच्छा."

आईंनी कप उचलले आणि मोरीत नेऊन ठेवले. नळ सोडला. पुढच्या रविवारी चहाच्या वेळेला गाडी घेऊन यायचं ठरलं. दीर गेल्यावर जिन्यात त्यांचा आवाज पुष्कळ वेळ खाली उतरत राहिला. मी टेबल पुसत होते आणि एकाच गोष्टीपाशी पुन्हा पुन्हा येत होते. 'जाईन की' त्या लगेच म्हणाल्या होत्या. दीरांचं वाक्य संपायच्या आत. हातात काही नसतं तेव्हा त्या लगेच लावतात, हे मला माहीत होतं, पुन्हा पुन्हा पाहिलेलं होतं. पण पत्त्यांच्या टेबलावर जे मोजलं ते घरात लावायचं कशाच्या आधारावर? एका तराजूवरची खूण दुसऱ्या तराजूवर नेता येत नाही, हे मी नव्या मुलींना पहिल्याच दिवशी शिकवते. कदाचित त्यांना खरंच जायचं असेल. तिकडे अंगण आहे, बोलायला जाऊबाई आहेत, टीव्ही मोठा आहे. इथे मी आहे, जी दिवसातून मोजकी वाक्यं बोलते आणि त्यातलीही निम्मी बटाट्यांबद्दल. विचारावं का? पण विचारलं तर ऊब लागणार. 'तुम्हाला राहायचंय का' असं मी म्हटलं की त्यात मला काय हवंय ते येणार, आणि मग त्या माझ्यासाठी राहणार, किंवा माझ्यासाठी जाणार, आणि खरा आकडा कधीच कळणार नाही. म्हणून मी काचेपलीकडे बसून राहिले. मला त्यावेळी हे फार समजूतदारपणाचं वाटलं होतं.

तो आठवडा आईंनी कपडे लावण्यात घालवला. दुकानातली सवय, प्रत्येक कोटाला सेफ्टी पिननं चिठ्ठी, चिठ्ठीवर 'हिवाळा', 'रोजचा', 'बटण लावायचंय'. माझ्या कपाटातलेही दोन कोट त्यांनी काढले, घासले, परत टांगले. एका संध्याकाळी नवऱ्याचा निळा स्वेटर हातात घेऊन दारात आल्या. "हा कुणाकडे राहू दे?" म्हणाल्या. मी म्हणाले, "तुम्हाला हवा असेल तर न्या." त्यांनी स्वेटरची घडी मोडली आणि पुन्हा घातली. "दुकानात ना," त्या म्हणाल्या, "काही कपडे कुणी न्यायलाच यायचं नाही. मागच्या दांडीवर असायचे. काही वर्षं झाली की तुझा सासरा म्हणायचा, वाटून टाक. मी म्हणायचे, असू दे, पावती त्यांच्याकडे आहे, येतील. यायचं कुणी नाही." मी विचारलं, "मग काय केलंत त्यांचं?" "काय करणार. दर उन्हाळ्यात ऊन दाखवायचे आणि परत टांगायचे," असं म्हणून त्या हसल्या आणि स्वेटर माझ्या पलंगावर ठेवून गेल्या. त्या संध्याकाळी आम्ही खेळलो. त्यांनी तीन वेळा लगेच लावलं आणि मी तीन वेळा पानं टाकली. तिसऱ्यांदा भिंतीपलीकडून चमच्याचा आवाज आला नाही. मला वाटलं, चमचा बॅगेत गेला असेल.

रविवारी दुपारी बॅगा दाराशी होत्या. दोन, आणि एक कापडी पिशवी, तिच्यातून छत्रीची मूठ वर आलेली. जेवण आम्ही लवकर केलं होतं. रस्त्यावर कुणीतरी शिडी ओढत नेत होतं, तिचा घासल्याचा आवाज वर येत होता. आई म्हणाल्या, "जरा पडते. आला की उठव." मी माझ्या खोलीत येऊन पलंगाच्या कडेला बसले, स्वेटर अजून तिथेच होता, मी तो मांडीवर घेतला. आणि फोन थरथरला. 'ओला मोजा खेळायला बसला आहे. तुम्हीही या.'

टेबलावर आम्ही दोघी आणि निवृत्त सुभेदार होते. सुभेदारांनी एक डाव हरून रामराम केला. मग दोघीच. मला पानं आली, बदाम राजा आणि बदाम सत्ती. मधली तीन पडली, बदाम दश्शी, किलवर तिर्री, बदाम पंजी. चार बदाम. होऊ घातलेला. मला मोजायची सवय आहे, मोजलं. तेरातले चार मला दिसतात, म्हणजे नऊ बदाम अजून बाहेर. दोन पानं यायची आहेत. म्हणजे तिनातून साधारण एकदा होईल, जरा जास्तच. आईंनी थोड्या चकत्या लावल्या, मीही तेवढ्या लावल्या. चौथं पान आलं, इस्पिक अठ्ठी. पुन्हा त्यांनी लावल्या, पुन्हा मी. असं मी त्यांच्याबरोबर शेवटपर्यंत कधी गेलेच नव्हते. नेहमी इथे कुठेतरी टाकायचे. आज टाकली नाहीत कारण हा शेवटचा डाव असेल तर तो पूर्ण व्हावा, एवढंच वाटलं. शेवटचं पान आलं. किलवर गुलाम. माझ्या हातात काही नव्हतं. नुसता एक राजा.

आणि ओल्या मोज्यानं सगळ्याच्या सगळ्या चकत्या पुढे सरकवल्या. लगेच. पान पुरतं उलटायच्या आत.

माझ्या नावाभोवतीची हिरवी कड आक्रसायला लागली. माझं बोट सवयीनं 'पानं टाका'वर गेलं होतं. टाकली की टण्, आणि त्या जिंकून जातील, हसऱ्या तोंडानं जातील. आणि तेव्हा, आत्तापर्यंत कसं सुचलं नाही कोण जाणे, मला ती ओळ आठवली. 'खेळायला बसला आहे, तुम्हीही या.' माझा फोन मला सांगतो की ओला मोजा आला. मग त्यांचा टॅब त्यांना काय सांगत असेल? चिमटा खेळायला बसला आहे. पहिल्या दिवसापासून. मी काचेपलीकडे बसून बघते आहे असं समजत होते आणि काचेला दोन बाजू असतात हे माझ्या शिकलेल्या डोक्यात आलं नव्हतं. त्या चष्म्यावरून माझ्याकडे बघत होत्या, रोज. आणि त्यांना काय दिसत होतं? त्यांनी जरा लावलं की मी सोडून देते. जोडी असली तरी सोडते. थोरला म्हणाला नेतो, मी म्हणाले जशी इच्छा. स्वेटर, न्या. मला ज्याचा अर्थ पांघरूण नीट करणं वाटत होता, ते भिंतीपलीकडून कसं दिसत असेल, हे मी एकदाही तिकडे बसून पाहिलं नव्हतं. मागची दांडी. पावती हातात असून न्यायला न येणारं गिऱ्हाईक. कड केशरी झाली. पलीकडे काहीच आवाज नव्हता, पलंग करकरत नव्हता, श्वास रोखून माणूस बसतो तशी ती खोली बसली होती. राजावर कुणी एवढं लावत नाही. ज्याला खेळ कळतो तो तर कधीच नाही. मी बोट सरकवलं आणि त्यांच्या सगळ्या चकत्यांवर माझ्या सगळ्या लावल्या.

पानं उलटली. त्यांची होती बदाम राणी आणि बदाम चव्वी.

मी ती बघत राहिले. त्याही तेच बदाम शोधत होत्या. मी नऊ मोजले होते आणि बाहेर सातच होते. दोन माझ्या हातात आल्यामुळे त्यांचे कमी झाले होते, दोन त्यांच्याकडे असल्यामुळे माझे. शेवटपर्यंत दोघी एकाच रंगाच्या पानाची वाट बघत बसलो होतो आणि जे हवं होतं त्यातलं थोडं एकमेकींच्या हातात धरून ठेवलं होतं. इतकं साधं गणित. समोरच्याकडे काय आहे ते माहीत नसेल तर तो हिशेबात धरायचाच नाही, असा नियम आहे, आणि नियम बरोबरच आहे. माझ्या राजानं त्यांच्या राणीला हरवलं आणि सगळ्या चकत्या खळखळत माझ्याकडे आल्या. मला चमचा कुठे आहे तेही माहीत नव्हतं. मी बोटाच्या पेरानं भिंतीवर एकदा टकटक केली.

"राजावर कुणी सगळं लावतं का?" भिंतीतून आवाज आला.

"तुमच्याकडे तरी काय होतं?"

"काही नव्हतं."

"मला माहीत होतं."

पलंग करकरला. चपला घासत आल्या आणि त्या माझ्या दारात उभ्या राहिल्या, टॅब छातीशी धरून, केस एका बाजूनं चपटे झालेले. "माहीत होतं," त्या म्हणाल्या. "मग इतके दिवस का टाकत होतीस?"

"तुम्हाला जिंकायला आवडतं म्हणून."

"कुणी सांगितलं? एकटीनं जिंकायला काय आवडायचंय. समोरचा पानं टाकून जातो, आपण चकत्या गोळा करत बसायचं. तोही लबाड असाच, माझ्याशी पत्ते खेळताना मला जिंकू द्यायचा आणि वर हसायचा. पण तो निदान नंतर पानं दाखवायचा की, बघ, काय सोडलं तुझ्यासाठी. तू तर तेही नाही." त्या आत येऊन खुर्चीवर बसल्या. "मी म्हटलं, मोठं लावून बघू. मोठं लावलं तरी ही टाकतेय. म्हटलं, मग खरंच हिला नको असेल."

खाली गाडी थांबली. आमच्या रस्त्यावर गाड्या थांबतातच, पण ही दीरांचीच होती, दार लावायची पद्धत ओळखीची. जिन्यातून आवाज वर यायला लागला, फोनवर कुणाला तरी रस्त्याच्या खडीबद्दल सांगत होते. मी स्वेटर मांडीवरून बाजूला ठेवला. वजनं उचलताना जसा आधी श्वास सोडते तसा सोडला, आणि मग लक्षात आलं की इथे त्याची गरज नाही, ऊब लागली तर लागू दे.

"आई, जाऊ नका," मी म्हणाले. "तुम्ही इथे राहावं असं मला वाटतं. तुमची सोय म्हणून नाही. मला हव्या आहात."

त्यांनी चष्मा काढला, पदराच्या टोकानं एक काच पुसली, उजेडाकडे धरून बघितली, मग दुसरी. बेल वाजली. मी उठले नाही. त्यांनी चष्मा लावला आणि टॅबच्या कडेवरून अंगठा फिरवत खिडकीकडे बघत राहिल्या, खालचा ओठ जरासा पुढे काढून, दुकानात कठीण कापड हातात आलं की बघायच्या तशा. बेल पुन्हा वाजली. "अहो, आहे का कुणी घरात?" दीर बाहेरून म्हणाले. आई अजूनही गप्पच होत्या, इतका वेळ की एखाद्या टेबलावर त्यांच्या नावाभोवतीची कड हिरवी होती ती केशरी होऊन संपतही आली असती. मी त्यांच्याकडे बघत बसून राहिले. मला कसलीच घाई नव्हती. एवढा वेळ त्या कधी घेतात, ते मला पाठ होतं.